जुनं पऱ्हाटी श्रेडर: दुरुस्त करायचं की बदलायचं?

श्रेडर म्हणजे पऱ्हाटीचे, कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या झाडांचे, तुकडे करणारं ट्रॅक्टरचं मशीन. जुन्या श्रेडरची पाती आणि रंग बघून भाव करू नका. या दोन्ही गोष्टी एका दिवसात नव्या होतात आणि विकणारा नेमक्या त्याच नव्या करून ठेवतो. मशीनचा जीव तीन ठिकाणी असतो: मधला गिअरबॉक्स, तो ज्यावर बसवलाय तो वरचा पत्रा, आणि खाली पाती धरणारी जाड पट्टी, तिला आम्ही कॅरिअर म्हणतो. ही तीन शाबूत असतील तर बाकीचं सगळं दुरुस्तीत निभावतं. तिन्हीतली दोन गेली असतील तर फुकट मिळालं तरी घरी आणू नका, नुसती जागा अडवेल.

यवतमाळ जिल्ह्यात माझं वेल्डिंग आणि अवजार दुरुस्तीचं दुकान आहे. कापसाचा शेवटचा वेचा झाला की पऱ्हाटी कापायची घाई सुटते आणि एकेक कास्तकार ट्रॉलीत मशीन टाकून दारात येतो. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं आमच्याकडे हातातला कापूस नेला. अळी पऱ्हाटीत टिकून राहते, म्हणून त्यानंतर फरदड (शेवटच्या वेच्यानंतर त्याच झाडांचं पुन्हा घेतलेलं पीक) घेऊ नका, पऱ्हाटी वावरात उभी ठेवू नका, धुऱ्यावर (बांधावर) रचूनही ठेवू नका, हे सगळ्यांना सांगून झालं. त्या वेळेस घेतलेली मशीनं आता झिजली आहेत आणि या गावातून त्या गावात विकली जात आहेत.

श्रेडर दोन तऱ्हेचे असतात. एकात रोटाव्हेटरसारखा आडवा रोलर असतो आणि त्याला हातोड्या लटकतात. दुसऱ्यात मधोमध गिअरबॉक्स, त्यातून खाली निघालेला उभा शाफ्ट आणि त्याला जमिनीशी समांतर फिरणारी पाती. गवतावर चालवलं की त्यालाच स्लॅशर म्हणतात. मी बोलतोय ते या दुसऱ्याबद्दल.

खाली जाण्याआधी

ट्रॅक्टरची चावी खिशात. पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद मशीनला पोचवणारा फिरता दांडा) काढून बाजूला. मशीन उचलून चारही कोपऱ्यांखाली सागाचे किंवा बाभळीचे ठोकळे, नाहीतर लोखंडी घोडे. नुसत्या हायड्रॉलिकवर टांगलेल्या मशीनखाली हात घालायचा नाही, मग ट्रॅक्टर नवा असो की जुना. लिफ्टचं सील कधी सोडेल ते सांगून सोडत नाही. विटा लावू नका, वजनाखाली वीट फुटते. हे सगळं करायला जास्तीत जास्त पंधरा मिनिटं लागतात, आणि ज्यांना तेवढाही वेळ नसतो त्यांचं मशीन मी दुकानात घेत नाही.

गिअरबॉक्स

पहिलं काम तेल बघणं. लेव्हलचा बोल्ट काढा आणि आत करंगळी किंवा स्वच्छ काडी घाला. तेल काळपट पण एकसारखं असेल तर चिंता नाही. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय: मशीन पावसात उघडं पडलं किंवा कोणी प्रेशरनं धुतलं. बोटावर चंदेरी चमक दिसली तर बेअरिंग किंवा दाते झिजताहेत. आणि नुसतं ग्रीस निघालं तर समजा की खालचं सील गळत होतं आणि मालकानं गळती लपवली. साधं ग्रीस गिअरनं एकदा बाजूला फेकलं की पुन्हा दात्यांवर येत नाही, दाते कोरडे चालतात. असं मशीन घ्यायचंच असेल तर गिअरबॉक्स नवा टाकावा लागेल हे धरून भाव करा.

आता खालून. एका पात्याचं टोक धरून वर-खाली हलवा. लांबीमुळे टोकाला थोडी हालचाल वाटेलच, शिवाय पातं स्वतःच्या बोल्टवर सैल असतंच. म्हणून पातं सोडा आणि कॅरिअरला धरून हलवा. कॅरिअर वर-खाली खटखट वाजत असेल तर उभ्या शाफ्टची टेपर बेअरिंग ढिली आहेत. मग कॅरिअर पुढे-मागे थोडं फिरवून बघा, वरचा आडवा शाफ्ट लगेच हलतो का. दात्यांत थोडी फट असायलाच हवी. पण कॅरिअर बराच फिरूनही वरचा शाफ्ट गप्प असेल तर दाते खाल्ले गेलेत. सबंध एक फेरा सावकाश फिरवा. एकाच जागी अडकत असेल तर दाता तुटलाय, आणि तुटलेला तुकडा तळाशी तेलात पडलेला असतो.

सगळ्यात जास्त मशीनं येतात ती खालच्या ऑइल सीलसाठी. याचं कारण एकदा जवळून बघितलं की विसरत नाही. कॅरिअर उतरवलं की शाफ्टभोवती बांगडीसारखं एक काळं, कडक कडं दिसतं. छन्नी लावून ते फोडलं की आतून थर निघतात: पऱ्हाटीची साल, खताच्या पोत्याची सुतळी, कधी कुंपणाची तार, आणि हमखास ठिबकची नळी. नळी गरम होऊन वितळते, सालीचे धागे तिच्यात चिकटतात आणि ते कडं फिरता फिरता सीलच्या ओठात घुसतं. सील फाटतं, तेल गळतं. मालकाला पत्ता लागत नाही, कारण तेल थेट मातीत जातं. ज्याच्या वावरात ठिबक आहे त्यानं नळ्या पूर्ण गोळा केल्याशिवाय श्रेडर घालायचंच नाही. तरीही दर दिवशी काम संपलं की एकदा खाली वाकून बघायचं.

सील बदलताना जुन्या सीलवर लिहिलेले तीन आकडे बघून घ्या: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. तिन्ही जुळले पाहिजेत. शाफ्टवर जुन्या सीलनं पाडलेली चीर नखाला लागते का ते तपासा. लागत असेल तर नवीन सीलही टिकणार नाही. जागा असेल तर सील दोनेक मिलिमीटर वर किंवा खाली बसवा, म्हणजे त्याचा ओठ कोऱ्या धातूवर येतो. चीर खोल असेल तर शाफ्ट लेथवर न्यावा लागतो. नवं सील लाकडी गुटका ठेवून चौफेर सारखं ठोकत बसवा. ओठाला आधी तेल लावा. आणि एवढं करूनही सील वारंवार जात असेल तर वरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायचं भोकाचं टोपण) काढून फुंकून बघा. तो मातीनं बुजला की गरम झालेल्या गिअरबॉक्समधला दाब सीलमधून बाहेर पडतो. ब्रीदर हरवला म्हणून तिथं साधा बोल्ट आवळलेला मी कित्येकदा काढलाय.

तेल नव्वद नंबरचं ईपी गिअर ऑइल, लेव्हलच्या बोल्टपर्यंत. जास्त भरल्यानं जास्त चालत नाही, गरम झालं की तेच बाहेर येतं.

दाते गेले असतील तर सुटे गिअर शोधत फिरण्यापेक्षा अख्खा गिअरबॉक्स बदललेला परवडतो. दोन्ही गिअर जोडीनंच टाकावे लागतात, शिम (पातळ चकत्या) लावून त्यांची पकड जुळवावी लागते, आणि ते काम करणारा मिस्त्री तालुक्याला एखादाच असतो. पण नवा गिअरबॉक्स नुसता भोकं जुळतात म्हणून उचलू नका. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे देतो. पाच फुटी मशीनचा गिअरबॉक्स तो वेग साधारण दुप्पट करतो, म्हणजे पाती हजाराच्या आसपास फिरतात. त्या हिशेबानं पात्याच्या टोकाचा वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या वर जातो. हाच गिअरबॉक्स मोठ्या मशीनला लावला तर पातं लांब असल्यानं टोकाचा वेग आणखी वाढेल आणि कॅरिअर त्यासाठी बनलेलं नसेल. जुन्याचं गुणोत्तर घरीच काढता येतं. वरच्या शाफ्टला खडूची खूण करा, तो हातानं पूर्ण एक फेरा फिरवा आणि खाली कॅरिअर किती फिरलं ते बघा. दुसरी गोष्ट दिशा. नवा गिअरबॉक्स उलट्या दिशेनं फिरवत असेल तर पात्याची धार मागे आणि बोथट पाठ पुढे राहील. पऱ्हाटी कापली न जाता ठेचली जाईल, आणि दोष मात्र पात्याला मिळेल.

कॅरिअर आणि पाती

कॅरिअर वाकलंय का हे बघायला टेप पुरतो. वरच्या पत्र्याच्या कडेला एका जागी खूण करा. कॅरिअरचं एक टोक त्या खुणेखाली आणून अंतर मोजा, मग फिरवून दुसरं टोक त्याच खुणेखाली आणा. दोन्हींत काही मिलिमीटरचा फरक पडला तर कॅरिअर वाकलंय किंवा शाफ्ट. कॅरिअर उतरवून शाफ्टला डायल (बारीक वाक मोजायचं घड्याळी माप) लावली की कोणाचा दोष ते कळतं. वाकलेलं कॅरिअर गॅसनं लाल करून सरळ करू नका. दिसायला सरळ होईल, पण तिथला ताव जातो आणि पुढच्या दगडाला ते पुन्हा तिथंच वाकतं.

मधल्या भोकाचे खाचेही बघा. कॅरिअर ढिलं ठेवून चालवलेलं असेल तर खाचे गोल झालेले असतात, आणि वेल्डिंगनं कॅरिअर शाफ्टला कायमचं चिकटवलेलं मशीन तर हात न लावता परत पाठवा. ते पुढे कुठल्याच सीलसाठी उघडता येणार नाही. परत बसवताना किल्ल्यासारखा खाचे असलेला नट पूर्ण आवळा, मग हबवर (कॅरिअरच्या मधल्या जाड भागावर) घणाचे दोन-चार ठोके द्या आणि पुन्हा आवळा. ठोक्यानं हब बसतो आणि नट आणखी फिरतो, हे हाताला जाणवतं. स्प्लिट पिन दरवेळी नवीन घ्या. तिच्याऐवजी खिळा वाकवून घालणारे आहेत आणि खिळा तुटून कॅरिअर सुटलेलंही मी बघितलंय.

पाती नेहमी जोडीनं बदला. एक नवं आणि एक झिजलेलं लावलं की वजनात फरक पडतो आणि अख्खं मशीन थरथरतं. ती थरथर बेअरिंग खाते आणि पत्र्याला तडे पाडते. किराणा दुकानातल्या काट्यावर दोन्ही पाती तोलून बघा. पंचवीस-तीस ग्रॅमच्या वर फरक नको. पातं बोल्टवर सैल फिरलं पाहिजे. दगड लागला की ते मागे दुमडतं आणि धक्का गिअरबॉक्सपर्यंत पूर्ण पोचत नाही, त्यासाठीच ती सोय आहे. गंजानं किंवा मातीनं एक पातं दुमडलेलंच राहिलं तरी मशीन थरथरतं. नवी पाती आणायला तालुक्याला पळण्याआधी हातानं दोन्ही फिरवून बघा.

धार लावताना सुरीसारखी पातळ करू नका. पऱ्हाटीचं खोड लाकडासारखं असतं, पातळ धार पहिल्याच एकरात मुडपते. मूळ उतार आहे त्याच बाजूनं घासा आणि कडेला दीड-दोन मिलिमीटर जाडी राहू द्या. निळं पडेपर्यंत ग्राइंडर दाबू नका. तडा गेलेलं किंवा वाकलेलं पातं वेल्ड करून वापरायचं नाही. इथं माझ्याशी भरपूर जण वाद घालतात. "भाऊ, एवढं वेल्डिंग मारून दे, सीझन निघून जाते." मी मारत नाही. ताशी पावणेतीनशेनं सुटलेला तुकडा बांधावर उभ्या माणसाच्या पायाशी थांबत नसतो.

पत्रा आणि वेल्डिंग

वरचा पत्रा बघताना कडा चेपल्यात का याकडे लक्ष देऊ नका. चेपलेल्या कडा घणानं सरळ होतात. गिअरबॉक्सच्या बोल्टभोवती बघा. तिथली माती आणि तेलाचा थर डिझेलनं धुऊन तारेच्या ब्रशनं घासा. बोल्टच्या भोकापासून निघालेले बारीक तडे तेव्हाच दिसतात, आणि विकणारा जर "धुवायचं काय काम?" म्हणाला तर नक्की धुवा.

लहान तडा दुरुस्त होतो. त्याच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोक पाडा, नाहीतर वेल्डिंगनंतरही तो पुढे सरकतो. ग्राइंडरनं व्हीसारखी खाच करा, आतपर्यंत भरा आणि वरून जाड पट्टी लावा. नुसती वरून मलमपट्टी केलेला तडा एक हंगामही काढत नाही. पत्रा सगळीकडे गंजून पातळ झाला असेल, हातोडी मारल्यावर ठण्ण न वाजता बद्द वाजत असेल, तर वेल्डिंग धरायला धातूच नाही. तो पत्रा संपला.

वेल्डिंग करताना अर्थिंगची क्लॅम्प तडा आहे त्याच पत्र्यावर, जवळच लावा. क्लॅम्प कॅरिअरला आणि वेल्डिंग वर, असं केलं तर करंट बेअरिंगमधून जातो आणि रोलरवर डाग पडतात. महिन्याभरात ते बेअरिंग ओरडायला लागतं. मशीन ट्रॅक्टरला जोडलेलं असेल तर बॅटरीची वायर काढा.

पुढच्या-मागच्या साखळ्या गेल्या असतील तर त्या पहिल्याच दिवशी लावा. चालवताना त्या अडचण करतात म्हणून लोक कापून टाकतात. पण दगड आणि खोडाचे तुकडे त्याच अडवतात. साखळ्या असल्या तरी चालत्या मशीनच्या आसपास कोणी नको, पोरंसोरं तर अजिबात नको.

पीटीओ शाफ्ट आणि शिअर बोल्ट

शाफ्टचे क्रॉस (सांध्यातले अधिक चिन्हासारखे तुकडे) हातानं पिरगळून बघा. खटखट असेल तर क्रॉस बदला, ते स्वस्त आणि सोपं काम आहे. दोन्ही टोकांचे कान एका रेषेत येतील असाच शाफ्ट जोडा. एक खाच चुकली तरी तो झटके देत फिरतो. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवरून आलेल्या शाफ्टची लांबी आपल्या ट्रॅक्टरवर तपासलीच पाहिजे. मशीन वर-खाली करून सगळ्यात कमी अंतर कुठं येतं ते शोधा. तिथं शाफ्ट आत टेकता कामा नये, इंचभर मोकळा राहिला पाहिजे. टेकला तर तो गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ठोसे मारतो. आणि सगळ्यात जास्त ताणलेला असताना दोन्ही नळ्या किमान एक तृतीयांश एकमेकींत राहिल्या पाहिजेत. प्लॅस्टिकचं कव्हर तुटलं असेल तर नवीन घ्या. उपरणं किंवा पदर शाफ्टला अडकला की सोडवायला वेळ मिळत नाही.

शिअर बोल्ट मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. तो तुटतो म्हणून गिअर वाचतो. एका पोरानं सारखा तुटतो म्हणून रोटाव्हेटरचा १०.९ लिहिलेला हायटेन्साइल (जास्त मजबूत) बोल्ट टाकला. पुढच्या वेळी धुऱ्याच्या दगडाला पातं लागलं तेव्हा बोल्ट शाबूत राहिला आणि गिअरबॉक्सची बॉडी फाटली. कंपनीनं सांगितलेल्याच दर्जाचे बोल्ट आणा आणि चार-पाच टूलबॉक्समध्ये ठेवा. बोल्ट सारखा तुटत असेल तर तुम्ही वेगात चालवताय, फार खाली घेताय किंवा पातं बोथट आहे.

बोल्टऐवजी स्लिप क्लच (जोर जास्त झाला की घसरणारा क्लच) असेल आणि मशीन वर्षभर उभं असेल, तर त्याच्या प्लेटा गंजून एकमेकींना धरलेल्या असतात. स्प्रिंगांची लांबी मोजून लिहून ठेवा, नट ढिले करा, पीटीओ हळू लावून क्लच काही सेकंद घसरू द्या आणि स्प्रिंगा मोजलेल्या मापावर आणा.

पहिल्यांदा चालवताना

सुरुवात कमी आरपीएमवर, मशीन जमिनीपासून जेमतेम वर. थरथर नाही ना ते बघत ५४० पर्यंत न्या. पुढची बाजू मागच्यापेक्षा इंचभर खाली ठेवा. दहा मिनिटांनी पीटीओ बंद करा, पाती पूर्ण थांबू द्या (बंद केल्यावरही ती बराच वेळ फिरतात), इंजिन बंद करून गिअरबॉक्सला हात लावा. गरम लागेल, पण हात टेकवता आला पाहिजे. तासाभराच्या कामानंतर गिअरबॉक्सचे आणि पात्यांचे सगळे नट पुन्हा आवळा. हे दुसरं आवळणं टाळलं की पत्र्याला तडे जायला सुरुवात होते.

मग बदलायचं कधी?

माझा हिशेब असा. मशीनची किंमत आणि दुरुस्ती मिळून नव्याच्या निम्म्याच्या आत बसत असेल तर जुनं घ्या. नुसता गिअरबॉक्स गेलाय पण पत्रा ठणठणीत आहे, तर गिअरबॉक्स टाकून चालवा. पत्राही गेला असेल तर नाद सोडा. आणि कितीही चांगलं दिसत असलं तरी ज्या कंपनीचे सुटे भाग जिल्ह्याच्या ठिकाणी मिळत नाहीत ते मशीन घेऊ नका. जानेवारीत पातं तुटलं आणि ते परराज्यातून यायचं असेल तर हंगाम गेलाच.

नवं घेणार असाल तर सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अनुदानासाठी अर्ज करून निवड होऊ द्या आणि पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करा. आधी घेतलेल्या मशीनला अनुदान मिळत नाही, जुन्या मशीनला तर नाहीच. यांत्रिकीकरणाच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के, आणि दोन्हींना कमाल मर्यादा ठरलेली. निवड व्हायला वेळ लागतो, त्यामुळे अर्ज पावसाळ्यातच करून ठेवा.

जुनं भंगारात देताना पीटीओ शाफ्ट, साखळ्या, मागचं चाक आणि चांगले राहिलेले पात्यांचे बोल्ट काढून घ्या. भंगारवाला त्यांचेही लोखंडाच्याच भावानं पैसे देतो, आणि पुढच्या मशीनला ते हमखास लागतात.